सात महिन्यांची माणसं

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत प्रॉव्हिडंट फंडाचं चलन भरावं लागतं. नाशिकच्या अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहतींमधल्या काही छोट्या-मध्यम कारखान्यांची आणि त्यांना माणसं पुरवणाऱ्या काही लेबर कॉन्ट्रॅक्टरांची ही कामं मी बरीच वर्षं करते. मस्टर येतं, हजेरी मोजायची, पगार काढायचा, पीएफ कापायचा, ईएसआय म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापायची, यादी अपलोड करायची. काम रुक्ष आहे. पण या याद्यांमधून नाशिक जसं दिसतं, तसं ते गंगापूर रोडच्या नव्या टॉवरच्या गच्चीवरून दिसत नाही.

यादीत एक नाव येतं. वय एकोणीस-वीस. पत्ता श्रमिकनगर, चुंचाळे, उत्तमनगर, दत्तनगर असा कुठला तरी. पुढचे सात महिने ते नाव दर महिन्याला दिसतं, ओव्हरटाइमसकट. आठव्या महिन्यात नसतं. नोंदीत काम सोडल्याची तारीख पडलेली असते. महिना-दीड महिना जातो आणि तेच नाव, तोच यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर) दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत उगवतो. गेट तेच, शॉप तेच, बऱ्याचदा मशीनही तेच. मध्ये फक्त ब्रेक पडलेला असतो. मुलं तसंच म्हणतात, ‘ताई, मला ब्रेक दिलाय.’ सुट्टी मिळाल्यासारखं म्हणतात सुरुवातीला. तिसऱ्या-चौथ्या ब्रेकनंतर आवाज बदलतो.

नाशिकबद्दल कुणी ‘बुडतं शहर’ म्हटलं तर लोक हसतील, आणि त्यांचं बरोबरही आहे. गिरणगावासारखी इथे चिमणी थंड पडून कारखाना ओस पडलाय असं चित्र सरसकट नाही. बंद पडलेल्या कंपन्या आहेत, त्यांच्या कंपाउंडवर वेली चढल्यात, पण त्यांच्या शेजारची कंपनी तीन शिफ्टमध्ये चालू आहे. सकाळी गरवारे पॉइंटला आणि पपया नर्सरीच्या चौकात दुचाकींची तीच गर्दी आहे. मग बिघडलं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की कारखाना राहिला आणि त्यातली नोकरी गेली. शहरातल्या ज्या अस्वस्थतेबद्दल आपण हल्ली सकाळच्या पेपरात वाचतो, तिची मुळं शोधायची तर या एका बदलाशी थांबून नीट बघायला हवं.

माझे वडील सटाणा तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळानंतर गावात राम उरला नाही म्हणून ते नाशिकला आले. त्या काळी इथे येण्याला अर्थ होता. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि सातपूरच्या माळावर एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या. त्याच्या पुढच्याच वर्षी यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, ते संरक्षणमंत्री होते, आणि १९६४मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस तर १९२५पासूनच होता, तीनच वर्षांनी शेजारी नोटा छापायला लागले. एकलहऱ्याला वीज तयार होत होती. कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), खानदेशातून, नगरकडून माणसं येत राहिली. वडिलांनी सातपूर गावात एका खोलीत चौघांबरोबर दिवस काढले, सायकलवरून कंपनीत गेले, बदली कामगार म्हणून लागले आणि काही काळाने पर्मनंट झाले.

पर्मनंट झाल्यावर घरात काय काय बदललं हे आई शेवटपर्यंत सांगायची. सिडकोच्या योजनेत हप्त्यावर घर मिळालं. किराणावाल्याने वही उघडून दिली. गावाकडच्या दोन काकांची शिक्षणं झाली, ती वडिलांच्या बोनसमधून. दिवाळीच्या आधी कंपन्यांचे बोनस सुटले की मेन रोड, भद्रकाली, सातपूरचा बाजार माणसांनी भरून जायचा. दर तीन वर्षांनी युनियनचा आणि मॅनेजमेंटचा पगारवाढीचा करार व्हायचा. तो झाला की गेटवर गुलाल उधळायचे, पेढे वाटायचे, पुढाऱ्यांना हार घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. आजही स्थानिक पानावर अशी बातमी येते: अमुक कंपनीत इतक्या हजारांची वाढ, कामगारांचा जल्लोष. मी ती बातमी हमखास वाचते, मला आनंदच होतो. पण आता त्या बातमीखालच्या फोटोत बहुतेक डोकी पिकलेली असतात. तो करार ज्यांना लागू होतो त्यांची संख्या दर तीन वर्षांनी कमी झालेली असते, कारण निवृत्त झालेल्यांच्या जागी नवा पर्मनंट भरलेला नसतो. फोटोत नसलेली पोरं त्याच शॉपमध्ये, त्याच लाइनवर उभी असतात आणि त्यांना मिळतं ते सरकारने ठरवलेलं किमान वेतन.

हे कसं घडलं? लोक सांगतात तसं ‘जमाना बदलला’ म्हणून आपोआप घडलेलं नाही, त्याची कार्यपद्धती आहे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या नियमांमध्ये, एक तरतूद आहे, कलम ४-सी. तात्पुरत्या किंवा बदली कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं तर त्याला कायम करायचं. कामगारांच्या बाजूने लिहिलेलं हे कलम. २४० दिवस म्हणजे साधारण आठ महिने. मग काय, सातव्या महिन्याच्या शेवटी ब्रेक. जी तरतूद माणसाला आत घेण्यासाठी होती, तिच्यामुळेच त्याला आठव्या महिन्यात बाहेर काढलं जातं. पुढे कॉन्ट्रॅक्टरमार्फत माणसं घ्यायची पद्धत वाढली. मग २०१३मध्ये नीम नावाची योजना आली, शिकाऊ उमेदवारांना उद्योगात प्रत्यक्ष अनुभव मिळावा म्हणून. उद्देश चांगला होता. पण आपल्याकडे ‘नीम ट्रेनी’ म्हणजे पूर्ण शिफ्ट, पूर्ण प्रॉडक्शन आणि हातात पगाराऐवजी स्टायपेंड, असंच पोरांना माहीत झालं. स्टायपेंड असल्यामुळे पीएफ नाही, आणि पीएफ नाही म्हणून माझ्या यादीतही नाव नाही.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून पुढे लागायची, आता ती मर्यादा तीनशेवर गेली. स्थायी आदेशांची सक्तीही तीनशेपासून पुढे. अंबड-सातपूरला तीनशे कामगार असलेले कारखाने किती, हे इथल्या कोणत्याही चहावाल्याला विचारावं, तो बोटावर मोजून सांगेल. दुसऱ्या बाजूने, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळेल असं नव्या संहितेत आहे आणि ती चांगली गोष्ट आहे. मी ती प्रत्येक पोराला सांगते. पण सात महिन्यांत एक वर्ष कसं पुरं होणार, या त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नसतं.

या सात-सात महिन्यांच्या तुकड्यांनी काय काय खाल्लं, ते मला आकड्यांत दिसतं. पेन्शनचंच बघा. पीएफबरोबर जी पेन्शन योजना आहे, तिच्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. तुकडे जोडून दहा वर्षं होऊ शकतात, नियम तशी मुभा देतो, नंबर एकच असतो. पण ब्रेक पडला की घरात पैसा नसतो. मग पोरं मोबाइलवरून फॉर्म भरतात, फंड काढतात आणि त्याबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेतात. ती काढली की तोपर्यंतची सेवा पुसली जाते, पुन्हा शून्यापासून. मी समजावते, ‘अरे, फंड काढ हवा तर, पेन्शनला हात लावू नकोस.’ ते मान डोलावतात. घरभाडं थकलेलं असताना अठ्ठावन्नाव्या वर्षीच्या पेन्शनचं गणित कुणाला सुचणार? पस्तीशीच्या आसपासची माणसं माझ्या याद्यांमध्ये आहेत, पंधरा-सोळा वर्षं नाशिकच्याच कारखान्यांत घालवलेली, आणि त्यांची नोंदलेली सेवा दोन वर्षं भरत नाही.

दुसरं, बोटं. अंबडला प्रेस शॉप बरीच आहेत. पत्र्याचे भाग कापणारे, वाकवणारे पॉवर प्रेस. तिथे अपघात झाला की अहवाल भरावा लागतो आणि त्यात कामावर लागल्याची तारीख लिहायची असते. किती वेळा ती तारीख त्याच महिन्यातली असते! हात चालायला, मशीनचा आवाज ओळखीचा व्हायला, कुठे घाई करायची नाही हे अंगात मुरायला काही महिने लागतात. जुन्या काळी नवा माणूस जुन्याच्या शेजारी उभा केला जायचा. आता शेजारचाही नवाच असतो. पोरगा शिकतो आणि ब्रेकवर जातो. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात अशा हाताला पट्टी बांधलेली पोरं बाकावर बसलेली असतात, बरोबर आई किंवा एखादा मित्र. विशीतल्या पोराचं कायमचं अपंगत्व टक्क्यांत मोजलं जातं आणि त्यानुसार दरमहा रक्कम बसते. ही रक्कम मिळते, ती मिळायलाच हवी. पण उजव्या हाताची दोन बोटं नसलेल्या माणसाला पुढच्या कॉन्ट्रॅक्टरने घ्यावं असा कोणताही नियम नाही.

तिसरं लग्नांचं. सिडकोत आणि सातपूरमध्ये खानदेशी वस्ती मोठी. श्रावणात कानबाई बसते तेव्हा आमची गल्ली रात्रभर जागी असते, आणि त्या रात्री बायकांमध्ये सोयरिकींच्या गोष्टी निघतातच. पूर्वी ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढ्यावर बैठक पुढे सरकायची. आता मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो, ‘पर्मनंट का?’ उत्तर ऐकून चहा पिऊन उठतो. त्या बापाला मी दोष देत नाही. तिशी उलटलेली, कष्टाळू, निर्व्यसनी मुलं आमच्या गल्लीत बिनलग्नाची आहेत आणि त्यांच्या आया नवस बोलून थकल्या आहेत.

मागे एक मावशी ऑफिसात आल्या. धुण्याभांड्याची कामं करतात. मुलाला पोलिसांनी उचललं होतं. रात्री टोळकं आलं, हातात कोयते, रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडत गेलं. त्या टोळक्यात हा होता. हातात कोयता नव्हता, असं मावशींचं म्हणणं. वकिलांनी सांगितलं होतं की मुलगा नियमित कामाला जातो याचा काही पुरावा आणा, पगाराच्या स्लिपा आणा, जामिनाच्या वेळी उपयोग होईल. म्हणून त्या आल्या होत्या. ‘ताई, तो खरंच कामाला जात होता हो. डबा मीच द्यायचे.’

तो जात होता, हे नोंदीतच दिसत होतं. तीन-साडेतीन वर्षांच्या काळात वेगवेगळ्या नावांच्या आस्थापना, प्रत्येक ठिकाणी सहा किंवा सात महिने, मध्ये मोकळे महिने. त्यातल्या एका कॉन्ट्रॅक्टरने काम बंद केलं होतं, फोन लागत नव्हता. दुसरा म्हणाला, ‘तो माझ्याकडे नाही आता, मी कशाला लिहून देऊ?’ जिथे मुलगा प्रत्यक्ष उभा राहून काम करायचा त्या कंपनीच्या एचआरने सांगितलं की तो आमचा कर्मचारी कधीच नव्हता. कायद्याच्या भाषेत खरंच होतं ते. मी पीएफचं पासबुक छापून दिलं. मावशींनी ते नीट घडी घालून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, ‘यात दिसतंय ना, तो काम करत होता असं?’ मी हो म्हणाले. पण ते पासबुक अनोळखी माणसाच्या नजरेने पाहिलं तर उलटंच दिसणार होतं. हा मुलगा कुठेच टिकत नाही, असं.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. त्या रात्री ज्या रिक्षाची काच फुटली, ती कर्जावर घेतलेली होती आणि तिचा मालकही आमच्यातलाच. गेली काही वर्षं सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोडमध्ये गाड्या जाळणं, काचा फोडणं, किरकोळ वादातून वार करणं हे इतकं वाढलं की लोक रात्री दुचाकीला साखळी घालून गॅलरीतून दोनदा बघतात. बेरोजगार आहे म्हणून कोयता उचलला, हे मला मान्य नाही. आमच्या गल्लीत ब्रेकवर बसलेली जितकी मुलं आहेत त्यातली बहुतेक जण मिळेल ते काम करतात, डिलिव्हरीच्या पिशव्या वाहतात, लग्नात वाढप्याचं काम करतात, मार्केट यार्डात पहाटे हमालीला जातात. त्यांच्यातला एखादाच भाईच्या मागे जातो. तो का जातो, हा प्रश्न मात्र विचारायचा असतो. मी बघितलंय ते असं: भाई त्याला नावाने हाक मारतो. वाढदिवसाला चौकात बॅनरवर त्याचा फोटो लावतो. वर्षानुवर्षं ज्या गेटमधून तो आत-बाहेर करतो तिथे त्याला टोकन नंबर असतो, आणि तोही सात महिन्यांनी दुसऱ्याला जातो.

ऑक्टोबर २०२५मध्ये नाशिक पोलिसांनी मोहीम उघडली. शहरभर ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य झालं. पकडलेल्या गुंडांकडून ते वदवून घेतलं जायचं, त्याचे व्हिडिओ घराघरांतल्या मोबाइलवर फिरले. राजकीय वरदहस्त असलेले म्हणून ज्यांच्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जायचं, तेही त्यात दिसले. आमच्या भागात लोकांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. वर्षानुवर्षं हप्ता देणाऱ्या टपरीवाल्याने त्या आठवड्यात पेढे वाटले होते, त्याचा आनंद खोटा नव्हता. त्याच महिन्यात ओझरहून तेजस मार्क-वन-ए विमानाने पहिलं उड्डाण केलं. नाशिकच्या कामगारांच्या हातचं विमान, टीव्हीवर बघताना ऊर भरून आला.

पण पोलिसांची मोहीम मोठ्या गुंडाला आत टाकू शकते. दर आठव्या महिन्याला रस्त्यावर येणाऱ्या पोरांचं काय करायचं, हे ठरवणं पोलिस आयुक्तालयाच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते त्यावर बोलत नाहीत. उलट आता पत्त्यावरून पोरांना पारखलं जातं. अमुक नगर म्हटलं की समोरचा सुरक्षारक्षकसुद्धा वर-खाली बघतो. काही मुलं मुलाखतीला जाताना मामाचा इंदिरानगरचा पत्ता देतात.

कामगार हे सगळं सहन का करतात, लढत का नाहीत, असं जुनी माणसं विचारतात. वडिलांच्या पिढीने गेटवर मंडप टाकून महिनोन्‌महिने धरणं धरलं होतं. नाशिक हे लढणाऱ्यांचंच गाव आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला इथेच सुरू झाला. ६ मार्च २०१८ला किसान सभेचा लाँग मार्च सीबीएस चौकातूनच मुंबईकडे निघाला. आदिवासी शेतकरी कसारा घाट उतरून अनवाणी चालत गेले, तळपायांची सालं निघाली, आणि १२ मार्चला सरकारला त्यांच्याशी बोलावं लागलं. मी महामार्गाच्या कडेला उभी राहून तो लाल बावटा बघितला होता. शेतकऱ्याकडे निदान त्याची जमीन होती, वनजमिनीचा दावा होता, त्याला त्यावरून कुणी आठव्या महिन्यात उठवणार नव्हतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराने युनियनच्या कचेरीची पायरी चढली की दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास चालत नाही. त्याला काढलंही जात नाही, फक्त ‘उद्यापासून नको’ असा फोन येतो. सीटूसारख्या कामगार संघटनांनी इथे कंत्राटी कामगारांचे प्रश्न लावून धरले, मोर्चे काढले, कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तारखांवर तारखा घेतल्या. पण तारीख येईपर्यंत तक्रार करणारा मुलगा तिसऱ्याच ठिकाणी लागलेला असतो.

मालकांची बाजू मला माहीत आहे, कारण माझं पोट त्यांच्याच कामावर चालतं. अंबडच्या एका मालकाशी माझा नेहमी वाद होतो. सज्जन माणूस, स्वतः आयटीआय करून टर्नर म्हणून लागला, मग भाड्याच्या गाळ्यात एक लेथ टाकली, आज त्याच्याकडे बऱ्यापैकी मोठी शेड आहे. तो म्हणतो, ‘ताई, मोठी कंपनी मला शेड्यूल देते आणि महिन्याच्या मध्यात ते निम्मं करते. बिलं कायद्याने ४५ दिवसांत यायला हवीत, मी त्यांच्यावर केस करून पुढची ऑर्डर घालवू का? मी माणूस कायम करून काय करू?’ त्याचं खोटं नाही. नाशिकच्या छोट्या कारखान्यांचं मोठं काम वाहनांच्या सुट्या भागांचं. त्यातही डिझेल इंजिनाला लागणाऱ्या भागांचं या शहरात किती पोटांना काम होतं! १ एप्रिल २०२०पासून बीएस-सिक्स हे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम आले, मारुतीने त्याच दिवसापासून डिझेल गाड्या बंद केल्या, आणि त्याच आठवड्यात देश कुलूपबंद होता. मुंबई-आग्रा महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन माणसं उत्तरेकडे चालत होती आणि आपल्याकडच्या शेड बंद होत्या. त्या वर्षी ज्यांनी शेड विकल्या त्यांतल्या काहींच्या जागी आज गोडाऊन आहेत. चाकण वाढत गेलं, रांजणगाव वाढत गेलं. नाशिकला नवी मदर इंडस्ट्री (छोट्यांना काम देणारा मोठा कारखाना) हवी, हे निमा-आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या व्यासपीठावरून आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. १ फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले, त्या मेट्रोचा एक खांब अजून उभा नाही. नाशिक-पुणे रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडला. हे सगळं खरं आहे, आणि त्या मालकाची चिडही खरी आहे.

म्हणून मी त्याच्याशी भावनेच्या भरात बोलत नाही, आकड्यांत बोलते. कॉन्ट्रॅक्टरचं कमिशन किती जातं. नव्या पोराच्या पहिल्या दोन महिन्यांत रिजेक्शन किती येतं. मटेरियल परत आलं की वाहतूक कुणाच्या अंगावर पडते. प्रेसवर अपघात झाला की किती दिवस लाइन थांबते, चौकशीला कोण येतं. एकदा बसून हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सगळ्यांना नाही घेता येणार.’ मी म्हटलं, सगळ्यांना म्हणतच नाही मी. जे मशीन शिकलेत, ज्यांच्याशिवाय तुमची सकाळची शिफ्ट सुरू होत नाही, त्यांना तरी घ्या. त्याने प्रेसवरच्या दोघांना स्वतःच्या मस्टरवर घेतलं. बाकीचे अजून कॉन्ट्रॅक्टवरच आहेत, आणि आमचा वाद चालू आहे.

आता २०२७चा कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, सगळीकडे कामं निघालीत आणि कोट्यवधींचे आकडे रोज छापून येतात. ब्रेकवरची पुष्कळ पोरं तिकडे रोजंदारीवर जाऊ लागलीत. हा पैसा सरकारचा आहे, म्हणजे त्याच्या अटीही सरकारच ठरवू शकतं. माझी मागणी फार मोठी नाही. या कामांचं टेंडर ज्याला मिळेल, त्याच्या आणि त्याच्या सब-कॉन्ट्रॅक्टरच्या प्रत्येक कामगाराचं नाव पीएफच्या यादीत असल्याशिवाय बिल पास होऊ नये. यादी महापालिकेने आपल्या संकेतस्थळावर लावावी, कुणालाही बघता यावी. आणि एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांना सरकारकडून सवलती मिळतात, त्यांनी आपल्या गेटच्या आत एकूण किती माणसं काम करतात आणि त्यातली किती स्वतःच्या मस्टरवर आहेत, हे दोन आकडे दरवर्षी जाहीर करावेत. हे करायला नवा कायदा लागत नाही. ही माहिती दर महिन्याच्या पंधरा तारखेला आमच्यासारखी माणसं सरकारकडे भरतच असतात. कामगार उपायुक्त कार्यालयाला मी हे लेखी दिलंय, निमाच्या बैठकीतही बोलले. एका ज्येष्ठ उद्योजकाने विचारलं, आकडे जाहीर करून काय होणार? मी त्यांना म्हटलं, निदान त्या मुलाच्या आईला कंपनीचा एचआर ‘तो आमचा कधीच नव्हता’ असं तोंडावर म्हणू शकणार नाही.